आजीच्या चार मेंढ्या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायला मनाई केली होती. आता सगळं ठीक आहे, काळजी नसावी.

तर झालं असं. माझा नातू चिनू न्यू जर्सीत नोकरीला आहे. दर रविवारी सकाळी (म्हणजे त्याची शनिवारची रात्र) त्याचा फोन येतो. दिवाळीच्या आधी असाच आला आणि इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाला, "आजी, मेंढीकोट खेळताना तुला गेलेले पत्ते आठवायचे ना? मग एक सांग. पत्ते मोजायच्या दोन पद्धती आहेत, एक सोपी आणि एक अवघड. अवघड पद्धतीत फायदा जास्त आहे म्हणतात. कुठली शिकू?"

खोदून विचारलं तेव्हा कळलं. ऑफिसातली चार मुलं अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत जाणार होती, आणि तिथे ब्लॅकजॅक नावाचा पत्त्यांचा जुगार असतो. "बाबांना सांगू नकोस हं," हे वर. (आता सांगायला हरकत नाही. चिनूला विचारूनच लिहिते आहे, तेव्हा त्याच्या बाबांनी हे वाचून फोन करू नये!)

मी बी.ए. मराठीची. तेहतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. गणिताचे सर रजेवर गेले की पाचवी-सहावीचं गणित माझ्या गळ्यात पडायचं, एवढाच माझा गणिताशी संबंध. तरी नातवाने विचारलं म्हणजे उत्तर द्यायलाच हवं. "थांब, अभ्यास करून सांगते," म्हटलं आणि महिनाभर जे मिळेल ते वाचलं. वाचता वाचता आमच्या घरातलीच एक जुनी गोष्ट वर आली. ती आजवर इथे कधी लिहिली नव्हती.

माजघरातला मेंढीकोट

आमचं गाव गेवराई तालुक्यातलं. माझा जन्म १९५० चा. नागपंचमीला, दिवाळीत आणि पाऊस लागून राहिला की माजघरात पत्ते पडायचे. खेळ एकच, मेंढीकोट. चौघांच्या दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पानं, आणि दश्शीला म्हणायचं मेंढी. ज्या जोडीकडे जास्त मेंढ्या ती जिंकली. चारही मेंढ्या नेल्या तर समोरच्यांवर कोट चढला.

घरात पत्त्यांचे दोन पंडित होते. एक माझे धाकटे काका, नाना. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. डाव संपल्यावर कोणी कुठल्या हाताला कोणतं पान टाकलं हे ते उतारीपासून सांगायचे. बावन्नच्या बावन्न पानं डोक्यात. दुसरी माझी आजी. तिला अक्षरओळख नव्हती. ती फक्त दोन गोष्टी मोजायची. एक मेंढी पडली की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. उजव्या हाताच्या पेरांवर हुकमाची किती पानं गेली ते. बाकी कोणाची राणी गेली, कोणाचा गुलाम राहिला, याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं.

आता गंमत बघा. जिंकायची बहुतेक वेळा आजीच. नाना सगळं लक्षात ठेवायचे, पण मधेच कोणी चहा आणला, एखादं पोर रडलं, की एखाद्या पानाची शंका यायची, आणि मग ती शंका फेडण्यात त्यांचं चालू हाताकडे दुर्लक्ष व्हायचं. आजी मात्र एका बाजूला चुलीवरच्या दुधाकडे बघत, मला "पाय आवर" म्हणत खेळायची आणि नेमकी मेंढी उचलायची.

चिनूचा प्रश्न ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा आजीची ती मिटलेली बोटं आठवली.

बेहड्याचं झाड आणि गोल पत्ते

मोजणं आणि जुगार यांची आपल्याकडची जोडी फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वात नळाची कथा आहे. द्यूतात राज्य हरलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दोघे रथातून विदर्भात, कुंडिनपूरला निघालेले असतात. (हे कुंडिनपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर, असं मानतात.) वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. फासे या बेहड्याच्याच फळांचे करत. ऋतुपर्ण नुसती नजर टाकून सांगतो की दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि दोन हजार पंचाण्णव फळं. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून, झाड तोडून फळं मोजतो आणि आकडा बरोबर निघतो! मग ऋतुपर्ण म्हणतो, मी फाशांचं मर्म जाणतो आणि मोजण्यातही निष्णात आहे. अश्वविद्येच्या बदल्यात तो नळाला 'अक्षहृदय' देतो आणि त्या विद्येच्या बळावर नळ पुष्कराकडून राज्य परत जिंकतो.

ही कथा आपण कीर्तनात ऐकलेली. पण इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने १९७५ साली संभवशास्त्राच्या इतिहासावर जे पुस्तक लिहिलं, त्यात ती आली आहे हे वाचून मी चाटच पडले. फांदीवरून झाडाचा हिशेब करण्यात त्यांना नमुन्यावरून अंदाज बांधण्याच्या विद्येची खूण दिसली. ही कथा त्यांच्या नजरेस आणून दिली ती कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले आपले मराठी संख्याशास्त्रज्ञ वि. प. गोडांबे यांनी.

फाशांनंतर पत्ते आले. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे सावंतवाडीला दशावतारी गंजिफा अजून हाताने रंगवतात. पत्ते गोल, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा, म्हणजे एकूण १२० पानं. हुकूम नसतो. दिवसा खेळायचं तर उतारी रामाकडून आणि रात्री कृष्णाकडून. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का मोठा! आपल्या हातातलं पान त्या घटकेला त्या रंगातलं सगळ्यात मोठं उरलं आहे का, हे ज्याला ठाऊक तोच जिंकणार. म्हणजे गेलेली पानं लक्षात ठेवणं हाच खेळ. याच घराण्यात 'नक्श' नावाचा खेळ आहे. त्यात पानांची बेरीज सतरा किंवा एकवीस करायची असते, म्हणजे ब्लॅकजॅकचा आपला चुलतभाऊच.

एकवीसचा हिशेब

ब्लॅकजॅक असा. तुम्ही आणि समोर वाटणारा. ज्याच्या पानांची बेरीज एकवीसच्या जास्त जवळ तो जिंकला, एकवीसच्या वर गेला तो बाद. राजा-राणी-गुलाम दहाचे, एक्का एक किंवा अकराचा. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहा आले तर दीडपट पैसे. तुम्हाला हवं तिथे थांबता येतं, पण वाटणाऱ्याला सोळापर्यंत पान ओढावंच लागतं.

इथेच मोजण्याचं मर्म आहे. उरलेल्या पानांत दश्श्या आणि एक्के जास्त असतील तर ते खेळणाऱ्याच्या फायद्याचं, कारण दीडपटीचा डाव जास्त वेळा लागतो आणि सक्तीने ओढणारा वाटणारा बाद होतो. बारीकसारीक पानं जास्त उरली तर ते कॅसिनोच्या फायद्याचं. म्हणून गेलेल्या पानांवर नजर ठेवायची, दिवस चांगले असतील तेव्हा रक्कम वाढवायची, नसतील तेव्हा हात आखडता घ्यायचा. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

१९५६ साली अमेरिकी लष्कराच्या अॅबर्डीन इथल्या चार तरुणांनी हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून कधी पान घ्यावं आणि कधी थांबावं याचा तक्ता तयार केला आणि तो संख्याशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. तो वाचून एमआयटीतला एडवर्ड थॉर्प हा गणिती कामाला लागला. त्याने आयबीएमच्या संगणकावर हिशेब केला, १९६१ च्या जानेवारीत गणितज्ञांच्या सभेत निबंध वाचला आणि १९६२ साली 'बीट द डीलर' हे पुस्तक काढलं. त्याची गाजलेली पद्धत कोणती, तर दश्श्या मोजण्याची! कॅटमध्ये दहाच्या किमतीची पानं सोळा आणि बाकीची छत्तीस. दोन्ही आकडे वेगवेगळे मनात ठेवून उतरते मोजायचे आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. सुरुवातीला ते येतं सव्वादोन. भागाकार दोनच्या खाली गेला की रक्कम वाढवायची. माझी आजी मेंढ्यांवर बोटं मिटत होती आणि सातासमुद्रापलीकडे हा प्राध्यापक दश्श्यांचाच हिशेब मांडत होता. (आजीला हे कळतं तर ती म्हणाली असती, "मग त्यात एवढं काय?")

पण आजीची बोटं सोपी होती आणि थॉर्पचा भागाकार अवघड. गोंगाटात, समोरचा माणूस भराभर पानं वाटत असताना छत्तीसातले किती गेले आणि सोळातले किती उरले याचा भागाकार मनात करून बघा! म्हणून पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, हार्वे डबनर या संगणकतज्ज्ञाने सोपी वाट काढली. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान पडलं की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी पडली तर शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का पडला तर उणे एक. बस्स! एकच आकडा मनात. तो जितका वर जाईल तितकी उरलेली पानं चांगली. कॅट एकापेक्षा जास्त असतील तर त्या आकड्याला उरलेल्या कॅटांनी भागायचं. अधिक सहा झाले आणि अंदाजे तीन कॅट उरले, तर खरा आकडा अधिक दोन. याला 'हाय-लो' म्हणतात. आयबीएमच्या ज्युलियन ब्राउन यांनी संगणकावर त्याची बारकाईने आकडेमोड केली आणि थॉर्पने १९६६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही पद्धत घेतली. स्वतःची पद्धत बाजूला ठेवून दुसऱ्याची सोपी पद्धत पुस्तकात घालणं, हे मला शिक्षक म्हणून फार आवडलं.

मग माणसाचा स्वभाव! पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अवघड पद्धतींचं पीक आलं. पंजीचं महत्त्व दुर्रीपेक्षा जास्त, मग तिला दोन गुण. सत्तीलाही अर्धं महत्त्व, मग तिला एक. एक्के वेगळे मोजा. 'हाय-ऑप्ट टू' नावाच्या पद्धतीत चव्वी आणि पंजीला अधिक दोन, दुर्री, तिर्री, छक्की, सत्तीला अधिक एक, दहाच्या पानांना उणे दोन, आणि एक्क्यांची मोजदाद निराळी. शेअर बाजारातली मोठी नोकरी सोडून पत्त्यांत उतरलेल्या केन यूस्टननेही अशीच एक 'प्रगत' पद्धत चालवली होती.

यात नेमका फायदा किती, हे पीटर ग्रिफिन या गणिताच्या प्राध्यापकाने १९७९ च्या पुस्तकात मोजून दाखवलं. त्याने दोन मापं केली. एक, रक्कम कधी वाढवावी हे पद्धतीला कितपत कळतं. दुसरं, पान घ्यावं की थांबावं हे कितपत कळतं. पैकीच्या पैकी म्हणजे १. हाय-लोला पहिल्या मापात ०.९७ आणि दुसऱ्यात ०.५१. हाय-ऑप्ट टूला ०.९१ आणि ०.६७. म्हणजे पान घेण्याच्या निर्णयात अवघड पद्धत पुढे, आणि रक्कम ठरवण्यात साधीच पुढे! एक्क्यांची वेगळी मोजदाद जोडली तर अवघड पद्धतीची पहिली उणीव भरून निघते, पण मग डोक्यावर आणखी एक ओझं. आणि सहा-आठ कॅट एकत्र करून खेळतात तिथे खरा फायदा रक्कम ठरवण्यातूनच येतो. म्हणूनच एमआयटीच्या मुलांचा जो संघ पुढे प्रसिद्ध झाला त्याने हाय-लोच वापरली. १९९८ साली आलेल्या 'नॉक-आउट' पद्धतीने तर तो भागाकारही काढून टाकला.

मला आमची उजळणी आठवली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आमच्या गावातल्या वाण्याला बीजगणित येत नव्हतं, पण सवायकी अशी पाठ की पाच गिऱ्हाइकं एकदम बोलत असताना हिशेब चुकत नसे. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' रचला असं सांगतात. त्यांची थोरवी मोठीच. पण घरोघरी पारायण होतं ते नऊ हजार ओव्यांच्या ज्ञानेश्वरीचं.

आमच्या डायनिंग टेबलावर

नुसतं वाचून उत्तर द्यायचं तर मी शिक्षिका कसली? घरातला जुना कॅट काढला. त्यात किलवरची सत्ती नाही, कित्येक वर्षांपूर्वी हरवली. हाय-लोला तिचं काही अडत नाही, कारण सत्तीला शून्य. एकेक पान उलटत गेलं की शेवटी बेरीज शून्य यायला हवी. पहिल्या दिवशी मला अडीच मिनिटं लागली आणि उत्तर आलं अधिक तीन! आठवड्याने मिनिटाच्या आत आले आणि शून्य येऊ लागलं. मग टीव्ही लावून केलं, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना केलं. दहापैकी आठ-नऊ वेळा बरोबर.

नंतर अवघड पद्धत धरली. त्यात सत्तीला एक गुण, म्हणून माझ्या अपुऱ्या कॅटची बेरीज शेवटी उणे एक यायला हवी. शांत दुपारी, दार लावून, आली. पण टीव्ही लावला आणि घोटाळा सुरू. चव्वीचे दोन धरले की एक? तीन एक्के गेले की दोनच? दहापैकी सहा वेळा चुकले. आणि चूक झाली हे खेळताना कळत नाही, ती शेवटी कळते. तोवर चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून पैसे लावून झालेले असतात.

माझं वय झालंय, चिनूचं डोकं तरतरीत आहे, हे मान्य. पण त्यालाही फोनवर समोर बसवून, मी मधे मधे "जेवलास का?" विचारत परीक्षा घेतली. अवघड पद्धतीत तोही चारदा चुकला. "आजी, तू मुद्दाम बोलतेस!" म्हणाला. म्हटलं, कॅसिनोतले काय गप्प बसणार आहेत?

नानांची गोष्ट

आता ती गोष्ट.

१९६२ साल. मी बारा वर्षांची. मेंढीकोटात नानांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही असं मित्रांनी त्यांना सांगितलं आणि बाजाराच्या दिवशी तिर्रटला नेलं. आपल्या मराठवाड्यात हा शब्द कोणाला सांगायला नको, आजही आठवड्यातून एकदा तरी पेपरात 'तिर्रट जुगारावर छापा' अशी बातमी असते. तीन पानांचा खेळ. सुरुवातीला नाना जिंकले. एकदा तर आजीला लुगडं घेऊन आले. ते म्हणायचे, मला पानं आठवतात, मी हरणारच नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बैल गेले आणि दिवाळीच्या आत चौदापैकी सहा एकर जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली. विहिरीकडची.

ज्या रात्री हे घरात कळलं ती रात्र मला आठवते. वडील काहीच बोलले नाहीत. आई रडत होती. आजी नानांसमोर जमिनीवर बसली आणि तिने एकच विचारलं, "तिथं डाव झाला की पत्ते परत पिसतात ना रे?"

"हो."

"मग तू ध्यानात काय ठेवत होतास?"

नाना खाली बघत राहिले. तेव्हा मला वाटलं आजी त्यांना टाकून बोलते आहे. आज साठ वर्षांनी थॉर्प आणि ग्रिफिन वाचताना कळलं की सगळ्या शास्त्राचा पहिला प्रश्न तिने विचारला होता. मेंढीकोटात, गंजिफ्यात, रमीत गेलेलं पान डाव संपेपर्यंत परत येत नाही, म्हणून मागचं आठवून पुढचं कळतं. ब्लॅकजॅकमध्येही तेच, पण फक्त पुन्हा पिसेपर्यंत. तिर्रटात आणि झन्नामन्नात मात्र पानं गोळा होतात, पिसली जातात आणि सगळं पुसलं जातं. तिथे सोपी पद्धतही नाही आणि अवघडही नाही. नानांची बावन्न पानांची स्मरणशक्ती तिथे बैलाच्या मापाचीसुद्धा नव्हती.

पुढे कायद्यानेही हाच भेद केला. सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तो ज्या हैदराबाद जुगार कायद्याखाली होता तो निजामाच्या राज्यातला, म्हणजे १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात आपला बीड जिल्हा होता तिथला. १९६७ साली निकाल लागला की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण त्यात पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. तीन पानी खेळ तसा नाही. आजीने काही वर्षं आधी माजघरात दिलेला निकाल तो हाच.

पण निकालाचा अर्थ रमीत पैसे लावणं शहाणपणाचं असा नव्हे. अलीकडे मोबाईलवरच्या रमीने किती घरं पोखरली हे आपण पाहिलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तो उगीच नाही. महाराष्ट्राने तर १९७६ साली कॅसिनोंचा कायदा करून ठेवला, कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यात मात्र १९९२ नंतरच्या दुरुस्त्यांनी वाट मोकळी झाली आणि आता मांडवीतल्या जहाजांवर आपल्याकडची पोरंही जातात.

चिनूला दिलेलं उत्तर

मी त्याला तीन गोष्टी कळवल्या.

पहिली, पद्धत सोपीच घे. अवघड पद्धतीचा फायदा एकही चूक न करणाऱ्याला, आणि तोही थोडका.

दुसरी, बिनचूक मोजलंस तरी फायदा शेकडा एकाच्या आसपास. शंभराच्या शंभर डावांत सरासरी शंभर रुपये सुटतील, पण नशिबाची चढउतार हजार-अकराशेची असते. म्हणजे सगळं बरोबर करूनही हजार रुपये हरून घरी येणं ही रोजची गोष्ट. नाना पहिल्या महिन्यात जिंकले ते याच चढउतारीने, आणि त्यांनी ते आपल्या बुद्धीच्या खात्यावर जमा केलं.

तिसरी, टेबलाशी बसण्याआधी आजीचा (म्हणजे माझ्या आजीचा) प्रश्न विचार. पत्ते परत कधी पिसतात?

चिनू मित्रांबरोबर गेला. परत आल्यावर त्याचा फोन आला, रविवार नसताना. म्हणाला, आजी, आमच्या खिशाला परवडणाऱ्या टेबलांवर पिसण्याचं मशीनच होतं. डाव संपला की पानं लगेच त्यात, आणि मशीन अखंड पिसत राहतं. दुसऱ्या टेबलावर हाताने वाटत होते, पण दीडपट ऐवजी पाचाला सहा देत होते. (या एका नियमाने कॅसिनोचा वाटा जवळजवळ दीड टक्क्याने वाढतो. पद्धत सोपी की अवघड यातला फरक त्यापुढे काहीच नाही.) न्यू जर्सीत १९८२ मध्ये केन यूस्टनने खटला जिंकला, तेव्हापासून तिथे पत्ते मोजणाऱ्याला कॅसिनो स्वतःच्या मर्जीने बाहेर काढू शकत नाही. पण पत्ते हवे तेव्हा पिसायला त्यांना कोण अडवणार?

"मग काय केलंस?"

"काही नाही. समुद्रावर गेलो. आइस्क्रीम खाल्लं. दोघं खेळले, दोघं हरले."

मी फोन ठेवून जरा वेळ देवघरासमोर बसून राहिले.

नळाची कथा धर्मराजाला सांगणारा बृहदश्व ऋषी शेवटी त्यालाही अक्षहृदय शिकवतो. म्हणजे वनवासातच धर्मराजाला फासे वश झाले होते. विराटाच्या दरबारी कंक होऊन तो ते खेळलाही. पण राज्य परत मिळवायला त्याने शकुनीला पुन्हा पटावर बोलावलं नाही. मुलांना शिकवताना मी हा भाग घाईने उरकत असे. आता शिकवायची वेळ आली तर तिथे थांबेन.

नाना १९८० च्या सुमारास गेले. त्या रात्रीनंतर त्यांनी तिर्रटला हात लावला नाही, पण मेंढीकोटही सोडला. आजी कितीदा म्हणाली, "ये रे, चौथा गडी नाही." ते ओसरीवर बसून राहायचे. विहिरीकडच्या त्या सहा एकरांत आता कापूस असतो. बसने गावाकडे जाताना उजव्या हाताला दिसतो.

असो. फार लांबलं. तुमच्या घरी मेंढीकोट कसं खेळत, हुकूम झाकून ठेवत की उघडा, आणि पत्ते कोण मोजायचं, हे जरूर लिहा. आणि कोणाकडे किलवरची सत्ती जास्तीची असेल तर मला हवी आहे.